छातीच्या हाडाची साक्ष

२०२२च्या दिवाळीत एका अंकात माझी रहस्यकथा आली होती. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला रहस्यकथा सुचायला फार कष्ट पडत नाहीत. आमच्याकडचं प्रत्येक जुनं खातं म्हणजे निम्मी रहस्यकथाच असते. तर त्या कथेत दुष्काळी गावातली एक कोरडी विहीर होती. गाळ उपसताना तिच्यात माणसाचा सांगाडा सापडतो. छातीच्या मधल्या हाडाला एक गोल, स्वच्छ भोक. फौजदार ते हाड उन्हात धरतो, भोकातून पलीकडचं आभाळ बघतो आणि एकच शब्द म्हणतो, ‘‘गोळी.’’ गावात परवान्याची रायफल एकाच माणसाकडे, फौजेतून निवृत्त झालेल्या जवानाकडे. त्याचं आणि बेपत्ता झालेल्या चुलतभावाचं बांधावरून वैर. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. शेवटच्या पानावर त्याला जन्मठेप होते आणि वाचक अंक मिटून फराळाच्या डब्याकडे वळतो.

डिसेंबरात एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर बारीक, सरळ, एकही खाडाखोड नाही. ‘आपली कथा वाचली. भाषा चांगली आहे. परंतु आपल्या फौजदाराने एका निरपराध माणसाला जन्मठेपेवर पाठवलं असण्याची दाट शक्यता आहे. तसं भोक जन्मापासून असू शकतं. मी चौतीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. सवड असेल तर या, हाडं दाखवीन.’

आधी राग आला, मग उत्सुकता वाटली. लेखकांचा हाच क्रम असतो. पंधरा दिवसांनी मी गेलो.

बाई माझ्या आधी येऊन थांबल्या होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, सुती साडी, खांद्याला शबनम. निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा त्या विभागात येतात, मुलांना हाडं समजावून देतात. आत शिरताच फॉर्मलिनच्या वासाने माझे डोळे चुरचुरायला लागले. ‘‘आठ दिवसांत सवय होते,’’ बाई म्हणाल्या आणि स्वतःचे डोळे पदराने पुसले.

टेबलावर अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये वीस-बावीस हाडं ओळीने मांडली होती. छातीचं मधलं हाड मी प्रथमच हातात घेत होतो. वितीपेक्षा थोडं आखूड, चपटं आणि आश्चर्य वाटावं इतकं हलकं. ज्याच्या आडोशाला हृदय ठेवलंय ते हाड दगडासारखं असेल अशी माझी समजूत होती. हातात आला तो जाळीदार, भाजक्या विटेसारखा खरबरीत तुकडा.

या हाडाचं शास्त्रातलं नाव उरोस्थी, डॉक्टरांच्या बोलण्यात स्टर्नम. त्याचे तीन भाग. वरचा रुंद भाग मॅन्युब्रियम, लॅटिनमध्ये मूठ. मधला लांब भाग म्हणजे पातं. खालचं टोक झायफॉइड, ग्रीकमध्ये तलवारीसारखं. जुन्या शरीररचनाकारांना माणसाच्या छातीवर टोक खाली करून ठेवलेली तलवार दिसली, आणि ती नावं आजतागायत चालत आली. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा आणि सरळ खाली आणा. साधारण दोन इंचांवर एक आडवा उंचवटा हाताला लागेल. मूठ आणि पातं यांचा तो सांधा. दुसरी बरगडी नेमकी तिथे येऊन मिळते, म्हणून डॉक्टर बरगड्या मोजायला तिथून सुरुवात करतात. पहिली हासळीच्या हाडाखाली दडलेली असते, ती सहसा हाताला लागत नाही. तसंच खाली गेलात की जिथे दोन्हीकडच्या बरगड्यांची कमान मिळते तिथे ते टोक. कुणाचं ते आत वळलेलं, कुणाचं बाहेर उचललेलं, कुणाचं सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं. आमच्या शाखेतले एक हेड कॅशियर मधुमेहाने बरेच बारीक झाले. एक दिवस आंघोळ करताना छातीखाली ‘गाठ’ लागली. त्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी मृत्युपत्र केलं. साक्षीदार म्हणून माझी सही आहे त्यावर. गाठ नव्हतीच, टोक होतं. आयुष्यभर तिथेच होतं, चरबी उतरल्यावर हाताला लागलं एवढंच.

बाईंनी ट्रेमधलं एक हाड उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. पात्याच्या खालच्या भागात, बरोबर मधोमध, एक गोल भोक होतं. माझ्या कथेत होतं तसंच.

‘‘बोट फिरवा कडेवरून,’’ त्या म्हणाल्या.

कड गुळगुळीत होती. बशीची कड असते तशी.

‘‘आता सांगा, गोळी का?’’

त्या दुपारी त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. गर्भ साधारण दोन महिन्यांचा असतो तेव्हा त्याच्या छातीत हाड नसतंच. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा कूर्चेच्या दोन पट्ट्या असतात. त्या मध्याकडे सरकतात आणि स्वेटरची चेन लावावी तशा वरून खाली जुळत येतात. अगदी क्वचित ही चेन लागत नाही. मग जन्मलेल्या बाळाच्या छातीवर मधोमध, कातडीखाली, हृदय उडताना दिसतं. बाकी सगळ्यांची जुळणी होते. पुढे त्या एकसंध कूर्चेत ठिकठिकाणी हाड धरायला लागतं. वरच्या भागात बहुधा एकेका जागीच, खालच्या भागात पुष्कळदा डावं-उजवं असं जोडीने. ही जोडी वाढत वाढत एकमेकींना भेटली म्हणजे काम पूर्ण झालं. मध्ये थोडी जागा राहून गेली, तर तिथे कायमचं छिद्र राहतं. म्हणून ते नेमकं मध्यरेषेवर असतं आणि बहुतेक वेळा पात्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. जिवंतपणी ते चिवट पडद्याने झाकलेलं असतं. दुखत नाही, खुपत नाही, श्वासाला आड येत नाही.

असं छिद्र किती जणांना असतं? निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांचे आकडे वेगवेगळे आहेत, पण शंभरात चार ते आठ हा अंदाज बहुतेकांना मान्य आहे. म्हणजे ढोबळमानाने विसात एक. तुमच्या इमारतीत वीस बिऱ्हाडं असतील तर तीन-चार जण तरी अशी छाती घेऊन रोज जिना चढत-उतरत असतील, आणि त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नसेल. छातीचा साधा एक्स-रे समोरून काढतात, त्यात या हाडाच्या मागे पाठीचा कणा येतो आणि छिद्र त्यात बुडून जातं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं. नाहीतर मग दिसतं ते मेल्यावर, तेही सांगाडा कुणाच्या हाती लागला तर.

आणि सांगाडा हाती लागतो पोलिसांच्या. बेवारस हाडं सापडली की पंचनामा होतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४खाली होई. १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागतं. पोत्यात किंवा खोक्यात भरून सीलबंद केलेली हाडं तपासणीला जातात आणि सोबतच्या पत्रात ठरलेले प्रश्न असतात. हाडं माणसाची का जनावराची? एकाची का अनेकांची? बाई का पुरुष? वय काय, उंची काय? मरून किती दिवस झाले? आणि शेवटचा, मरण कशाने आलं? इतर सगळ्या प्रश्नांना ‘अमुक ते तमुक’ असं उत्तर चालतं. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर मात्र कुणालातरी बेड्या पडणार असतात.

आता छिद्राचं माप बघा. ते तीन-चार मिलिमीटरपासून सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरपर्यंत असू शकतं. पिस्तुलाची नेहमीची गोळी नऊ मिलिमीटरची, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलची आठाच्या जरा आत. फौजदाराने फूटपट्टी लावली तर त्याला हवं ते माप मिळणारच. माझ्या फौजदाराने तर फूटपट्टीही लावली नव्हती.

मग फरक ओळखायचा कसा? चपट्या हाडातून गोळी पार होते तेव्हा ती ज्या बाजूने शिरते तिथे भोक लहान आणि रेखीव पडतं, आणि जिथून बाहेर पडते तिथे हाडाचा टवका उडून भोक नरसाळ्यासारखं पसरतं. भिंतीत खिळा ठोकताना पलीकडचा गिलावा निघतो, तसं. भोकाच्या कडेला आतलं जाळीदार हाड उघडं पडतं. बऱ्याचदा कडेपासून तडे निघतात. एक्स-रे काढला तर शिशाचे बारीक कण चांदण्यांसारखे दिसू शकतात. जन्मजात छिद्राला यातलं काही नसतं. कड दोन्ही बाजूंना सारखी, आत वळलेली, वरून घट्ट हाडाचा थर लिंपल्यासारखी. तडा नाही, टवका नाही. आणि जागा मध्यरेषेवर. गोळीला मध्यरेषेशी काही देणंघेणं नसतं.

इतकं सोपं असेल तर चूक होतेच कशी, असं मी विचारलं. बाईंनी दुसरं हाड काढलं. त्याच्याही खालच्या भागात भोक होतं, पण कड झिजून खडबडीत झालेली. ‘‘हे आता सांगा.’’ मी दोनदा फिरवून बघितलं आणि कबूल केलं की मला सांगता येत नाही. ‘‘मलाही नुसत्या डोळ्यांनी शपथेवर सांगता येणार नाही,’’ त्या म्हणाल्या. हाड वर्ष-दोन वर्षं उघड्यावर पडलं, ऊन-पाऊस खाल्ला, उंदरांनी कुरतडलं, कोल्ह्याकुत्र्यांनी चघळलं की गुळगुळीत कड खरबरीत होते आणि गोळीची धारदार कड बोथट होते. छातीचं हाड तर मुळातच पातळ आणि भुसभुशीत. कवटीत गोळीच्या खुणा जशा ठसठशीत उमटतात तशा इथे उमटतीलच असं नाही. अशा वेळी एका हाडाकडे बघून निकाल द्यायचा नसतो. मागचे मणके बघायचे, बरगड्या बघायच्या. गोळी छातीतून गेली असेल तर ती पुढे कुठेतरी गेली असणारच. सदरा सापडला असेल तर सदऱ्याला भोक आहे का बघायचं. आजूबाजूची माती चाळायची.

‘‘आणि उलटंही होतं बरं का,’’ बाई म्हणाल्या. ‘‘जन्मजात आहे म्हणून सोडून दिलं आणि खरंच गोळी असली तर? तोही तितकाच गुन्हा. छिद्र असलेल्या माणसाला कुणी गोळी घालत नाही असं थोडंच आहे?’’

चहा आला. चहा पिता पिता त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली, ती पुढे मी पुस्तकांत पडताळून घेतली. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने छातीच्या हाडाचे सात तुकडे असतात असं लिहून ठेवलं होतं. त्याची भिस्त माकडांवर आणि इतर जनावरांवर. पुढची तेराशे वर्षं युरोपातले वैद्य तेच पाठ करत राहिले. १५४३मध्ये व्हेसॅलियसने स्वतःच्या हाताने माणसाची प्रेतं फाडून आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सांगितलं, सात नव्हे, तीन. त्यावर त्याचे पॅरिसचे गुरू सिल्व्हियस भडकले. त्यांचं म्हणणं असं की गॅलेन चुकणं शक्य नाही. त्याच्या काळची माणसं धिप्पाड होती, त्यांना सात तुकडे असतील, आताच्या माणसाचाच ऱ्हास झाला आहे! पोथी खरी ठरवण्यासाठी अख्ख्या मानवजातीची छाती लहान केली. बँकेत मी असे साहेब पाहिले आहेत. ताळेबंद जुळला नाही की ते म्हणायचे, सर्क्युलर बरोबर आहे, रोकड चुकली आहे.

आपल्याकडे चरकसंहितेत माणसाची हाडं ३६० सांगितली आहेत, सुश्रुतसंहितेत ३००. आज आपण २०६ म्हणतो. यात कुणी अडाणी होतं असं समजायचं कारण नाही. त्यांच्या मोजणीत दात आणि कूर्चाही येत. शिवाय वयाचा भाग आहेच. छातीचं पातं लहानपणी चार सुट्या तुकड्यांचं असतं. साधारण चौदा ते पंचवीस या वयात ते खालून वर सांधत जातं. टोक पात्याला चिकटतं चाळिशीच्या आसपास. मूठ आणि पातं म्हातारपणी चिकटतात, तेही सगळ्यांत नाही. म्हणून हे हाड वयाचीही साक्ष देतं, पण पोक्त साक्षीदारासारखी, तारीख-वार न सांगता.

आता जे सांगतो त्याचा हाडाशी संबंध नाही असं सुरुवातीला वाटेल.

मी अधिकारी होऊन वर्षही झालं नव्हतं. १९८७ साल असेल. तालुक्याच्या गावातली शाखा, महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनवाल्यांची गर्दी. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक पुतण्याला घेऊन आले होते. गुरुजी बाकावर बसले, पुतण्याने पैसे काढायची स्लिप आणि पासबुक काउंटरवर दिलं. स्लिप माझ्याकडे पास व्हायला आली. मी नमुना सहीचं कार्ड काढलं. सही जुळेना. कार्डावरची सही वळणदार, एका दमात केलेली. स्लिपवरची तुटक, थरथरती, ‘र’ला तर वळणच नाही. बनावट सही सावकाश, घाबरत केलेली असते आणि म्हणून थरथरते, हे प्रशिक्षणात मी नुकतंच शिकून आलो होतो. मी पुतण्याला समोर बोलावलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘सही कुणी केली?’’

तो पोरगा पांढराफटक पडला. तेवढ्यात गुरुजी काठी टेकत काउंटरपाशी आले. काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरचा टाक उचलला आणि कोऱ्या कागदावर सही केली. तीच तुटक, थरथरती सही. हात कापत होता. पावसाळ्यात अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. कार्डावरची सही होती बारा वर्षांपूर्वीची.

मी पैसे दिले, माफीही मागितली. पण पुढच्या महिन्यापासून पुतण्या आला नाही. गुरुजी एकटेच यायचे, शिपायाचा हात धरून पायरी चढायचे. त्या मुलाला गावात कुणी काही म्हणालं का, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

बाईंच्या पत्रातला ‘निरपराध’ हा शब्द मला का टोचला, ते आता लक्षात येईल. सह्या तपासायचं काम मी नंतर पंचवीस वर्षं केलं. त्यात एवढं शिकलो की खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या तरच काळजी करावी. सही किती बदलू शकते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच बनावट सही ओळखता येते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘म्हणूनच आम्ही मुलांना एक हाड दाखवत नाही, वीस दाखवतो.’’

वीस हाडांचं महत्त्व मापांच्या बाबतीत आणखी कळतं. हाड बाईचं का पुरुषाचं, यासाठी एक जुना नियम आहे, व्हिएन्नाच्या हिर्ट्ल यांच्या नावाने ओळखला जाणारा: पातं मुठीच्या दुपटीपेक्षा लांब असेल तर पुरुष, कमी असेल तर बाई. ऐकायला सुटसुटीत. प्रत्यक्षात बरीच हाडं हा नियम धाब्यावर बसवतात. मग १९५६मध्ये अ‍ॅशली या संशोधकाने ‘१४९चा नियम’ मांडला. मूठ आणि पातं मिळून लांबी १४९ मिलिमीटरच्या वर गेली तर पुरुष. पण हा नियम युरोपीय हाडांपुरता. आफ्रिकी हाडांसाठी त्यालाच आकडा १३६वर आणावा लागला. आपल्याकडे १४९ लावला असता तर किती पुरुष कागदोपत्री बायका झाले असते, देव जाणे. चंडीगडला १९८०मध्ये जित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतीयांच्या उरोस्थी मोजून वेगळे आकडे काढले. २००२मध्ये तर खास मराठवाड्यातल्या उरोस्थींवरचा अभ्यास शरीररचनातज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात छापून आला. माझ्या कथेतली विहीर मराठवाड्यातलीच होती, आणि मला याचा पत्ता नव्हता!

छातीचं हाड अलीकडे आणखी एका कारणाने वादात सापडतं, तेही सांगून टाकतो. हृदय बंद पडलं की छातीवर जोराने दाब देतात. प्रौढ माणसात हा दाब पाच सेंटिमीटर खोल जावा लागतो. त्यात बरगड्या मोडतात, कधी हे हाडही आडवं मोडतं, आणि हे दाब नीट दिल्याचं लक्षण असू शकतं. माणूस वाचला तर कुणी तक्रार करत नाही. दगावला आणि शवविच्छेदनात मोडलेलं हाड दिसलं, की मारहाण झाली का असा प्रश्न उभा राहतो. तिथेही मोड कुठे आहे, कसा आहे, भोवती रक्त किती साकळलं आहे आणि आधी काय काय उपचार झाले, हे सगळं ताडून बघावं लागतं. रुग्णाच्या कागदांत ‘छातीवर दाब दिला’ ही एक ओळ लिहिलेली असली तर पुढचं पुष्कळ रामायण टळतं.

निघायच्या वेळी बाईंनी सहज विचारलं, ‘‘घरी कुणी अ‍ॅक्युपंक्चर घेतं का?’’

मी म्हणालो, घेतं. हिला दम्याचा त्रास आहे, दर थंडीत दहा-बारा बैठका होतात.

त्या थांबल्या. मग त्यांनी सांगितलं की १९९५मध्ये ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात नॉर्वेतली एक हकिगत आली होती. चाळीस वर्षांच्या एका बाईच्या छातीवर मधोमध सुई टोचली. हाड आहे, सुई थांबेल, अशी टोचणाऱ्याची समजूत. त्या बाईच्या हाडाला नेमकं तिथे जन्मजात छिद्र होतं. सुई त्यातून गेली, हृदयापर्यंत पोचली. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलं, त्याच्या दाबाने हृदयाला फुलताच येईना, आणि ती बाई गेली. छातीवरची ती जागा दम्यासाठी आणि छातीच्या तक्रारींसाठी नेहमीच्या वापरातली आहे. बारीक अंगाच्या माणसात कातडीपासून हाडाच्या मागच्या बाजूपर्यंतचं अंतर दोन सेंटिमीटरसुद्धा नसतं. पूर्वी रक्ताच्या आजारांत मज्जा काढायला डॉक्टरही याच हाडात सुई घालत. १९२७मध्ये रशियातल्या अरिंकिन यांनी ती पद्धत सुरू केली. ते हाडाच्या वरच्या भागातच टोचत, खाली जात नसत. आता मज्जा बहुतेक करून कमरेच्या हाडातून काढतात.

घरी येईपर्यंत माझं डोकं त्या सुईभोवतीच फिरत होतं. मग आठवलं, २०२१च्या एप्रिलमध्ये करोनात हिचा छातीचा सीटी स्कॅन झाला होता. तेव्हा आम्ही त्या कागदात एकच आकडा शोधला होता, पंचवीसपैकी स्कोअर किती. तो कमी आला म्हणून देवापुढे साखर ठेवली आणि फाइल माळ्यावर गेली. मी स्टूल घेऊन ती खाली काढली. रिपोर्टची शेवटची ओळ अशी होती: उरोस्थीच्या खालच्या भागात सहा मिलिमीटरचं छिद्र, जन्मजात फरक, चिंतेचं कारण नाही.

चिंतेचं कारण नाही हे खरंच होतं. फुप्फुसांचा रिपोर्ट लिहिणाऱ्याने ही एक ओळ लिहिली हेच पुष्कळ. पण त्यानंतरच्या दोन थंड्यांत तिने वीसेक बैठका घेतल्या होत्या. मी खाली बसलो आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट नीट वाचला. ‘‘त्या जागी मी सुई कधीच उभी घालत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘कातडीखालून आडवी सरकवतो. पण वहिनी, तुमच्यासाठी आता ती जागाच सोडून देऊ.’’ मग त्यांनी त्यांच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ते लिहून ठेवलं. लाल शाई बघून मला बरं वाटलं. आमच्या बँकेतही ज्या खात्याकडे लक्ष ठेवायचं त्याच्या पानावर लाल शाईने शेरा असे.

बाईंना मी पत्र लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं, पुन्हा आंतरदेशीय. हिच्याबद्दल चार ओळी, औषधं वेळेवर घेण्याबद्दल दोन, आणि खाली ताजा कलम: ‘जवानाचं काय केलंत?’

कथासंग्रहासाठी ती कथा मी आता पुन्हा लिहायला घेतली आहे. फौजदाराला विहिरीतला गाळ चाळायला लावला आहे. सदरा सापडला आहे, पण त्याच्या पुढच्या भागाला कसर लागली आहे. जवान अजून तालुक्याच्या कोठडीत आहे. रिपोर्टची झेरॉक्स मात्र हिच्या पर्समध्ये गेली, रक्तगटाच्या कार्डाशेजारी. ती म्हणते, ‘‘उद्या माझी हाडं कुठे सापडली तर निदान तुम्हाला कुणी धरणार नाही.’’